आरती होईपर्यंत

फाटक पडलं म्हणून कवडू सायकलवरून उतरला. पौषाची थंडी होती. दल्लीच्या लोखंडाच्या खाणीकडून आलेली मालगाडी कारखान्यात शिरत होती, लाल मातीनं भरलेल्या वाघिणी एकीमागून एक अंग ओढत चालल्या होत्या, आणि फाटकाच्या अलीकडे सकाळच्या पाळीचे लोक सायकली टेकवून, तोंडानं वाफ सोडत उभे होते. हात गारठले म्हणून त्यानं डावा हात कोटाच्या खिशात घातला. खिशाच्या तळाशी, अस्तराची शिवण जिथं थोडी उसवली होती तिथं, बोटाला काहीतरी टणक लागलं. त्याला वाटलं, बटण असेल. दोन बोटांनी ओढून त्यानं ते बाहेर काढलं. हरभऱ्याएवढा खडीसाखरेचा खडा होता. त्याला कोटाची काळी लव चिकटली होती, एक कोपरा विरघळून गोल झाला होता. कवडू त्या खड्याकडे पाहत राहिला. शेवटचा डबा गेला, फाटक वर उठलं, सायकली निघाल्या, कोणीतरी मागून म्हणालं, "ओ भैया, चलना है के नहीं?" आणि दुसरा कोणी त्याच्या हँडलला हँडल घासून पुढे गेला, तरी तो तिथंच. खड्याचं वजन ते काय असणार. पण हातातली सायकल एकदम जड झाली.

हा कोट त्यानं कार्तिकी एकादशीनंतर अंगाला लावला नव्हता. गिरजानं तो पेटीच्या तळाशी घालून ठेवला होता, आणि आज सकाळी तिनंच काढून खाटेवर टाकला. "घाला," ती म्हणाली. "थंडीनं मराचं हाये का? कापडानं काय केलं तुमचं." दोन महिन्यांत दोघांमध्ये एवढं लांब बोलणं क्वचितच झालं होतं. कवडूनं कोट घातला तेव्हा ती पाठ करून चुलीशी बसली होती. तिला तो अंगात घातलेला पाहायचा नव्हता, हे त्याला कळलं होतं. त्या एकादशीला कोटाच्या डाव्या बाजूवर त्यांची पोरगी कांता डोकं टेकून बसली होती. डाव्या बाजूवरच. म्हणजे हा खडा तिच्या कानाखाली होता. तिनं मागितलं तेव्हाही तिथंच होता.

सायकल हातात धरून तो इस्पितळापर्यंत पायीच गेला. भंडाऱ्याकडच्या त्याच्या गावात आईची चार लेकरं एकामागून एक गेली होती, म्हणून हा पाचवा झाला तेव्हा तिनं त्याला शेजारच्या परटिणीच्या ओटीत घातलं आणि एका कवडीला परत विकत घेतलं. मृत्यूला वाटावं, एवढ्या स्वस्ताचं पोर कशाला न्यायचं. नाव कवडू पडलं आणि तो जगला. सत्तावन्न साली कारखान्याचे पाये खणायला माणसं पाहिजेत असं कळलं तेव्हा तो गावच्या दहा जणांबरोबर भिलाईला आला, दोन वर्षं माती वाहिली, मग इस्पितळात झाडलोट, मग तपासणीच्या लॅबमध्ये अटेंडंट. कांता इथंच झाली, मजुरांच्या कॅम्पातल्या झोपडीत, पहिली भट्टी पेटायच्या आधी. बारशाला आईनं गावाहून निरोप धाडला होता, पोरीचं नाव दगडी ठेवा, धोंडी ठेवा, काहीही ठेवा. गिरजा हसली होती. "आता काय खेड्यात हावो का आपण? मायी पोरगी शाळंत जाईन. मास्तर हजेरी घेईन तवा बरं वाटलं पाह्यजे नाव." आणि कांता ठेवलं. रस्त्यानं चालता चालता कवडूच्या मनात आलं, चांगलं नाव ऐकूनच मृत्यूनं मान वळवून पाहिलं असेल. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली. नावावर कशाला ढकलायचं. नाव कानाखाली नव्हतं. खडा होता.

सातवं लागलं तेव्हा कांताला तहान लागायला लागली. तांब्यावर तांब्या पाणी प्यायची, आणि मोरीत ती जिथं बसायची तिथं मुंग्यांची रांग लागायची. गिरजानं मुंग्यांवर हळद टाकली. लॅबच्या डॉक्टर कलावतीबाई, ज्यांना सगळे नुसतं बाई म्हणत, त्यांनी एकदा कवडूच्या बोलण्यातून मुंग्या ऐकल्या आणि हातातलं काम ठेवून म्हणाल्या, "उद्या तिला घेऊन या. उद्या नको, आत्ता जा." तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ सुई. बाईंनी त्याला काचेची पिचकारी उकळायला शिकवली, संत्र्यावर टोचायला शिकवलं, मग मांडीवर. "तिच्या शरीरात इन्शुलिन तयार होत नाही, कवडू. बाहेरून द्यायचं, रोज. एक दिवस चुकवायचं नाही. आणि सुई दिली की अर्ध्या तासात तिनं खाल्लंच पाहिजे. कधी घामेजली, थरथरली, पेंगली, तर लगेच साखर. खिशात खडीसाखरेची पुडी ठेवत जा. कायम." कवडूनं कायम ठेवली. दोन वर्षं त्याच्या खिशात वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी असायची आणि कांता तिला "बाबाचं दुकान" म्हणायची. शाळेतल्या पोरी विचारत, तुझे बाबा काय करतात, तर सांगायची, "साखरेचं दुकान हाये, पण माले एकटीलेच विकते."

लॅबच्या मागच्या व्हरांड्यात हिरालाल पिंजऱ्यांत कोबीची पानं टाकत होता. हिरालाल इथला, छत्तीसगढी, जवळच्याच गावचा. कारखान्यात जमीन गेली तेव्हा त्याला ही नोकरी मिळाली होती. "कइसे कवडू भैया, साइकिल पंचर हे का?" त्यानं विचारलं, आणि चेहऱ्याकडे पाहून विषय बदलला. "तोर जासूस मन तियार होगे?" जासूस म्हणजे बाटलीतलं ते हिरवट पाणी. ते नाव हिरालालनंच ठेवलं होतं आणि बाईंनाही ते आवडलं होतं. त्याची हकीकत अशी की बाई दोन वर्षं विलायतेत शिकून आल्या, तिथून येताना एक जांभळा उजेड पाडणारा दिवा, एक सूक्ष्मदर्शक आणि तपकिरी बाटलीत, त्या उजेडात हिरवी चमकणारी केशरी-पिवळी पूड घेऊन आल्या. बाई गिनीपिगांना बैलाचं इन्शुलिन टोचत. परक्या वस्तूविरुद्ध त्या जनावरांच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होत. मग थोडं रक्त काढायचं, वरचं निवळ पाणी घ्यायचं, त्यातून प्रतिपिंडं वेगळी काढायची, त्यांना ती पूड चिकटवायची, आणि सेलोफेनच्या पिशवीत बांधून मिठाच्या थंड पाण्यात लोंबकळत ठेवायची. न चिकटलेला रंग हळूहळू बाहेर पाझरायचा. ते पाणी बदलणं कवडूचं काम. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, चक्का टांगावा तशी पिशवी टांगून, बाहेरचं पाणी अगदी नितळ होईपर्यंत. "आता याला इन्शुलिनशिवाय दुसरं काही ओळखू येत नाही," बाईंनी पहिल्या खेपेला सांगितलं होतं. "शरीराच्या तुकड्यावर ओता, सगळीकडे हिंडेल, आणि जिथं इन्शुलिन असेल तिथंच जाऊन बसेल. आपण फक्त त्याच्या पाठीवर दिवा बांधलाय." कवडूला ते लगेच पटलं होतं. कीर्तनात बुवा सांगतात त्यातलाच कोणी भोळा भक्त, ज्याला एकच नाव येतं आणि जो त्या नावाखेरीज कोणाच्या दारी थांबत नाही. कोणालाही न सांगता तो त्या बाटलीला मनातल्या मनात हात जोडत असे.

आणि गिनीपिगांना टोचलं की पुढचा तासभर पिंजऱ्यांपाशी बसायचं, हेही त्याचंच काम. एखाद्याची साखर उतरायची. कान थंड पडायचे, मान कलायची, पाय झटकायचे. कवडू त्याला हातात घ्यायचा, जबड्याच्या कडेनं काचेचा ड्रॉपर सारायचा, साखरपाणी थेंब थेंब सोडायचा, आणि जनावर डोळे उघडून त्याच्या बोटाला हुंगायचं. तीन वर्षांत त्याच्या हातून असं एकही जनावर गेलं नव्हतं. हिरालाल सगळ्यांना सांगायचा, कवडू भैयाच्या हाताला यमही भितो. हे वाक्य कवडूला आज पिंजऱ्यांपाशी उभं असताना आठवलं आणि त्यानं खिशातला हात घट्ट मिटला.

बाईंनी आतून हाक मारली. त्या नेहमीसारख्या चष्मा कपाळावर चढवून बसल्या होत्या, पण त्याला पाहून उभ्या राहिल्या. "कवडू, आज तिचे काप करायचे आहेत. तुम्ही नसलात तरी चालेल. हिरालाल करेल धुणं." कवडू म्हणाला, "मीच करतो जी." कार्तिकातल्या त्या एकादशीच्या दुसऱ्या सकाळी याच खोलीच्या दारात बाईंनी त्याला विचारलं होतं, फार हळू, अर्धी वाक्यं गिळत, की पोटातल्या, इन्शुलिन करणाऱ्या पिंडाचा बोटभर तुकडा ठेवू द्याल का, अशा लहान मुलांच्या आजाराचं फारसं कोणी पाहिलेलं नाही, तुम्ही नाही म्हणालात तरी मला काहीही वाटणार नाही. त्यानं सही केली होती. गिरजाला सांगितलं नव्हतं. नदीकाठी पोरीला माती दिली तेव्हा ती पूर्ण नव्हती, हे एकट्या कवडूला ठाऊक होतं. सही त्यानं शास्त्रासाठी केली नव्हती. त्याला एक गोष्ट डोळ्यांनी बघायची होती. बाई म्हणाल्या होत्या, तिच्या शरीरात इन्शुलिन नाही, म्हणून सुई. ते खरं असेल तर त्या तुकड्यात दिवा लागणार नाही, कुठंच नाही, आणि मग दोन वर्षं त्यानं टोचलेली एकूण एक सुई बरोबर ठरेल, त्या संध्याकाळचीसुद्धा. काळोख दिसावा एवढंच तो दोन महिने देवाजवळ मागत होता. इतर माणसं देवाजवळ उजेड मागतात, हे त्याला मागताना दर वेळी जाणवायचं.

मेणाच्या ठोकळ्यातून कापलेले ते पातळ काप काचेवर बसवले होते. कवडूनं मेण उतरवलं, प्रतिपिंडांचे थेंब सोडले, ओल्या पेटीत झाकून ठेवले, वेळ झाल्यावर मिठाच्या पाण्यानं धुतले. तीनदा धुवायचे असतात, त्यानं पाचदा धुतले. मग आतल्या काळ्या पडद्याच्या खोलीत बाई नळीवर डोळा लावून बसल्या आणि तो मागं उभा राहिला. आधी त्यांनी अपघातात गेलेल्या कोणा मजुराचा काप पाहिला, ताळा म्हणून, आणि त्यालाही दाखवला. तो कवडूनं पूर्वी पाहिलेला होता. गडद अंधारात इथंतिथं हिरव्या दाण्यांचे पुंजके. बाई त्यांना बेटं म्हणत. समुद्र कवडूनं पाहिला नव्हता. त्याला वाटायचं, आगगाडीतून रात्री गावाकडे जाताना दूर एखादं खेडं दिसावं तसं हे दिसतं. मग बाईंनी कांताचा काप लावला. बराच वेळ त्या काच सरकवत राहिल्या. कवडू तेच एक ऐकत होता, त्यांचं न बोलणं. आणि मग त्या इतक्या हळू म्हणाल्या की स्वतःशीच म्हणाल्या असतील, "अरे. आहे की."

"काय हाये जी?"

त्यांनी खुर्ची सोडली. "एकच बेट सापडलं. त्यात सात-आठ पेशी आहेत फक्त. दोन वर्षांनंतरही." कवडूनं डोळा लावला. सगळा काळोख, आणि मधोमध सात-आठ हिरवे दाणे, विखुरलेले, जणू कोणी खिचडी खाता खाता सांडले आहेत. बाई मागून बोलत होत्या, त्यांचा आवाज आनंदाला आवरून धरत होता हे त्याला कळलं आणि राग आला नाही. "म्हणजे शरीर अजून धडपडत होतं. यावरून असं समजू नका की सुई नको होती. एवढ्यानं तिचं एक दिवसही भागलं नसतं. ऐकताय ना, कवडू?" तो ऐकत होता. "चार वाजता कारखान्याच्या फोटो विभागातले शेषराव कॅमेरा घेऊन येतील. तोवर दिवा लावू नका. तुम्हाला ठाऊकच आहे, या उजेडात रंग विझत जातो. बघितलं की कमी होतो." त्यांनी दिव्यापुढची झडप ओढली आणि वॉर्डात बोलावणं आलं म्हणून गेल्या.

कवडू काळ्या पडद्याआड स्टुलावर बसून राहिला. बाहेर हिरालाल बादल्या वाजवत होता, आणि त्याहून लांब, कारखान्याकडून, पोलादावर पोलाद आपटल्याचा आवाज येत होता. आहे की. म्हणजे तिचं तिच्याजवळ होतं थोडं. ती स्वतःच्या पायावर उभी राहायची धडपड करत होती आणि वरून आपण रोज ओतत होतो. तसं नाही, हे बाईंनी सांगितलेलं बुद्धीला पटत होतं. बुद्धी वर कुठं तरी बसली होती, ओट्यावरच्या शहाण्या माणसासारखी, आणि खाली अंगणात जे चाललं होतं त्याच्याशी तिचा संबंध नव्हता. त्यानं झडप उघडली. एकदा बघतो, तो स्वतःला म्हणाला. एकदाच. सात-आठ दाणे जागेवर होते. फार कोवळा हिरवा रंग, धानाच्या पऱ्ह्याचा, लावणीआधीच्या रोपांचा असतो तसा.

त्या एकादशीला कॅम्पातल्या टिनाच्या शेडमध्ये कीर्तन होतं. तुमसरकडून दौलतरावबुवा आले होते. त्यांचा आवाज असा की मृदंग थांबला तरी शेडमध्ये फिरत राहायचा. भंडारा, बालाघाट, नागपूर, जिथून जिथून माणसं पोलाद करायला आली होती तिथून सगळी आली होती, अंगावर कारखान्याची काळी धूळ तशीच. कवडू टाळकऱ्यांत होता. सहाला कीर्तन, म्हणून पाचला त्यानं कांताला सुई दिली, आणि गिरजाला म्हणाला, "खाऊ घाल तिले, आन् घेऊन ये." तो पुढे गेला. गिरजा मागून आली तेव्हा कांता तिच्याआधी धावत येऊन त्याच्या मांडीत बसली. "जेवली का वो?" त्यानं विचारलं. "भगर खाल्ली," कांता म्हणाली. तिच्या कपाळावर बुक्का लावला होता. तेवढ्यात कोणीतरी देवापुढच्या ताटाकडे बोट दाखवून म्हणालं, प्रसाद कमी पडणार, माणसं वाढली. कवडूनं खिशातली पुडी काढली. आपल्याजवळचं आज देवाच्या कामी येतंय, याचा त्याला केवढा आनंद झाला होता. ताटात ओतताना खडे वाजले होते. कांता म्हणाली होती, "दुकान इकलं बाबानं." आजूबाजूचे हसले होते.

एक दाणा फिका झाला होता. कवडूनं डोळा मिटून पुन्हा उघडला. वरच्या बाजूचा, एकटा होता तो.

बुवांनी आख्यान लावलं होतं एका म्हाताऱ्या माणसाचं. तो देवाची वाट बघत दिवा घेऊन उंबऱ्यात बसतो, वर्षानुवर्षं, आणि एका घडीला वातीवरची काजळी झाडायला नजर खाली घालतो, आणि तेवढ्यात कोणी तरी समोरून जातं. बुवा म्हणाले, डोळा काढू नका रे बाबांनो. आणि त्यांनी अशी तान घेतली की कवडूच्या डोळ्यांतून पाणी आलं, टाळ हातात तसाच राहिला. त्याच वेळी मांडीवरून कांता म्हणाली, "बाबा, साखर." तिचा हात त्याच्या मनगटावर होता, थंड, ओला. दाटीत सगळ्यांनाच घाम आला होता. कवडूनं खिसा वरून चाचपला. रिकामा लागला. त्यानं ताटाकडे पाहिलं. ताट चार हातांवर होतं, त्यावर तुळशीपत्र ठेवलं होतं. देवाला दाखवलेलं, आरतीआधी कोणी हात लावत नाही. तो तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "आरती होऊ दे. मंग देतो." आणि कांता, जी कधी कशासाठी हट्ट करायची नाही, "बरं," म्हणाली. डोकं त्याच्या कोटावर टेकलं. थोड्या वेळानं ती जड झाली. पोरं कीर्तनात झोपतातच. शेजारचा कोणी कौतुकानं म्हणाला, देवाच्या दारी झोपली. आणि कवडूनं तिच्याकडे खाली पाहिलं नाही, कारण बुवा सांगत होते, डोळा काढू नका.

दाणे पाच राहिले होते, मग चार. कवडूला कळत होतं. दिवा जळत होता, झडप त्याच्या बोटापाशी होती, बोट हलवायचा अवकाश की उरलेले वाचले असते. बाईंनी या कापासाठी काय काय केलं होतं ते त्यानं पाहिलं होतं. त्यांच्या भावाच्या लग्नाला त्या गेल्या नव्हत्या. चार वाजता कॅमेरा येणार होता. त्यानं बोट झडपेवर ठेवलंही. पण त्या रात्री आरतीला सगळे उठले आणि कांता उठली नाही, तिथपासून तिला सायकलच्या दांडीवर धरून इस्पितळापर्यंत, बाईंनी शिरेत साखर सोडली तिथपर्यंत, आणि बाईंनी हात थांबवला तिथपर्यंत, त्या सगळ्या धावपळीत ती नेमकी केव्हा गेली हे त्याला कधीच कळलं नव्हतं. कोणत्या तानेला. कोणत्या शब्दाला. ती त्याच्या अंगावर होती आणि तो दुसरीकडे बघत होता. आज तो बघत होता. तीन उरले. त्यांच्या कडा विरत चालल्या, जसं ओल्या पाटीवरचं अक्षर वाळताना जातं. त्यानं पापणी लववली नाही, डोळ्यातून पाणी नळीवर पडत होतं तरी. दोन. ओठ हलत होते त्याचे, देवाचं नेहमीचं नाव येत होतं की पोरीचं, त्याचं त्याला समजत नव्हतं. शेवटचा दाणा फार वेळ राहिला. गेला गेला म्हणता पुन्हा असल्यासारखा वाटायचा. आणि मग त्याला खात्री देता येईना की तो दिसतोय की आठवतोय.

बाईंनी पडदा बाजूला केला तेव्हा तो तसाच बसला होता. त्यांनी जळता दिवा पाहिला, त्याच्याकडे पाहिलं, वाकून नळीतून पाहिलं. काच सरकवली, पुन्हा सरकवली, आजूबाजूचा सगळा प्रदेश हिंडून आल्या. तिथं मुळातच काही नव्हतं, आणि होतं ते विझलं होतं. मग त्यांनी दिवा बंद केला आणि खोलीत दुपारचा मळका उजेड आला. शेषराव बाहेर कॅमेऱ्याच्या तिपाईचे पाय उघडत असल्याचं ऐकू येत होतं.

"किती वेळ पाहिलंत, कवडू?"

"आरती होईपर्यंत," तो म्हणाला.

बाईंना ते कळलं असेल की नाही कोण जाणे. त्या रागावतील, असं त्याला वाटत होतं, आणि रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या स्टुलासमोर उभ्या राहिल्या, चष्मा काढून पदराला पुसत, आणि म्हणाल्या, "ठोकळा आहे अजून. दुसरे काप काढू. सापडेलच असं नाही." कवडूनं मान हलवली. मग त्यानं विचारलं, "बाई, एक इचारू का? हरभऱ्याएवढी खडीसाखर पुरली असती का जी? त्या टायमाले?" बाईंचा हात थांबला. खोटं बोलणं त्यांना येत नव्हतं, हे सगळ्या इस्पितळाला ठाऊक होतं. "सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "थोडा वेळ, कदाचित. इथवर आणेपर्यंत. खरंच सांगता येत नाही." मग बाहेर जाऊन त्यांनी शेषरावांना सांगितलं की आज यंत्र बिघडलं आहे, तुम्ही पुढच्या आठवड्यात या.

पाळी सुटली तेव्हा दिवस कलला होता. कारखान्यामागे भट्टीतली जळती मळी ओतली जात होती आणि त्या बाजूचं आभाळ नारिंगी झालं होतं, रोज होतं तसंच. कांता लहान असताना त्याला देवाची चूल म्हणायची. घरात गिरजा तुळशीपाशी दिवा लावत होती. कवडूनं सायकल भिंतीला लावली, पण आत गेला नाही. अंगणातच बसला.

"कावून बसले तिथं? बरं नाई का?"

"आज पाह्यलं मी कांताले."

गिरजाचा हात वातीवरच राहिला. "सपनात?"

"नाई. दवाखान्यात." आणि मग त्यानं सगळं सांगितलं. सही, बोटभर तुकडा, सात-आठ हिरवे दाणे, ते विझले ते. त्याला वाटलं होतं, ती ओरडेल, कोणाला विचारून पोरगी कापू दिली म्हणून. ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली. त्यानं मूठ उघडली. दिवसभराच्या घामानं खडा चिकट झाला होता, लव मात्र त्यानं केव्हातरी एक एक तंतू काढून साफ केली होती. "हा खिशात होता. तिनं मांगितली तवा होता. म्या ताटाकडं पाह्यलं."

गिरजा खड्याकडे पाहत होती. दिव्याच्या उजेडात तो आतून उजळल्यासारखा दिसत होता. "तिनं भगर खाल्ली नव्हती," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, भाजीत मीठ पडलं नाही हे सांगावं तसा. "एक घास घेतला आन् म्हने, माय, आज मी निरंकार उपास करतो, देव बरं करन माले. तू बाबाले नोको सांगू. मले वाटलं, एक संध्याकाळ. पोरीची एवढी भक्ती. मलेही बरं वाटलं." ती थांबली. "तवापासून तुमच्या तोंडाकडं पाहवत नाई मले. आन् तुमाले वाटत असन, तुमाले बोल लावून राहिली मी."

शेजारच्या घरी कोणीतरी मुलाला पाढे म्हणायला बसवलं होतं. मग गिरजानं त्याच्या हातातून तो खडा उचलला, दाताखाली धरून फोडला, अर्धा आपल्या तोंडात ठेवला आणि अर्धा त्याच्या हातावर. आरती व्हायची होती अजून, शेडमधली घंटाही वाजली नव्हती. कवडूनं तो तुकडा तोंडात टाकला. मसुरीएवढा तर होता. दोघं दिव्याकडे बघत बसली, आणि तो तुकडा जिभेवर पुरत राहिला, पुरत राहिला, बराच वेळ.